सूत्रे हाती घेताना, सूत्रे सोपवताना

सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. दुपारचे बारा वाजत आलेत, रांग अजून दारापर्यंत आहे. अशा वेळी तिशीतली एक बाई नवऱ्यासोबत येते, असे समजा. तक्रार किरकोळ वाटावी अशी आहे. तीन दिवसांपासून उजव्या अंगठ्याची मागची बाजू बधिर झाली आहे आणि मधूनमधून मुंग्या येतात. मूठ वळते, मनगट वर उचलता येते, ताकद शाबूत आहे. मनगटाभोवती मात्र फिकट होत चाललेला एक वळ दिसतो. "हे कशानं झालं?" असे विचारल्यावर बाई खाली बघते आणि नवरा घाईघाईने सांगतो, "बांगडी अडकली होती."

डॉक्टर अनुभवी असतील तर केसपेपरवर लगेच काही लिहीत नाहीत. "मिस्टरांना जरा बाहेर बसू द्या ताई, तपासायचंय," एवढेच म्हणतात. दार लोटले जाते. थोडा वेळ शांततेत जातो आणि मग बाई हळू आवाजात सांगते, "मारहाण नाही हो डॉक्टर. आमच्या दोघांच्या मर्जीनंच हात बांधले होते. या वेळी माझे, मागच्या वेळी त्यांचे. पण हे सांगायचं कुणाला?"

हा प्रश्न खरा आहे. तो ऐकणारे दोन प्रकारे चुकू शकतात. एक, वळ दिसला म्हणजे छळच, असे ठरवून बाईचे म्हणणे ऐकूनच घ्यायचे नाही. दोन, 'नवरा-बायकोचा खासगी मामला' म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून तिला घरी पाठवायचे. पहिल्या चुकीत एका निरोगी जोडप्याची अब्रू जाते. दुसऱ्या चुकीत खरोखर छळ सोसणारी एखादी बाई परत त्याच घरात जाते. या दोन्ही चुका टाळायच्या, तर ज्या विषयावर आपल्याकडे कुजबुज होते किंवा विनोद होतात, तो विषय सरळ शब्दांत समजून घ्यावा लागतो.

दोन भूमिका, एक व्यक्ती

प्रौढांच्या लैंगिक संबंधात काहींना सूत्रे आपल्या हाती घेणे आवडते. काय करायचे, कसे, किती वेळ, हे ते ठरवतात. काहींना सूत्रे दुसऱ्याच्या हाती सोपवण्यात सुख वाटते. ठरवण्याचा भार उतरतो, विश्वास टाकता येतो. पहिल्या भूमिकेला 'डॉमिनंट' आणि दुसरीला 'सबमिसिव्ह' म्हणतात. बांधणे, हुकूम देणे, हलके फटके, डोळ्यांवर पट्टी अशा गोष्टी या भूमिकांसोबत येऊ शकतात आणि त्या साऱ्यांना मिळून 'बीडीएसएम' हे नाव आहे. ज्यांना दोन्ही भूमिका आवडतात, म्हणजे कधी सूत्रे घेणे आणि कधी सोपवणे, त्यांना 'स्विच' म्हटले जाते.

दोन्ही कसे आवडू शकते, असे अनेकांना वाटते. परस्परविरोधी आवडी एकाच माणसात म्हणजे मनात काहीतरी बिघडले असणार, असा तर्क केला जातो. पण नागपंचमीच्या झोपाळ्याची आठवण काढून बघावी. झोका घेणारी आणि झोका देणारी या दोघींची मजा वेगळी असते आणि थोड्या वेळाने त्या जागा बदलतात. देणारीला जोर किती लावायचा हे कळते, कारण मघाशी तीच वर बसलेली होती. यात विसंगती कुणाला वाटत नाही.

खासगी आयुष्यातली भूमिका आणि दिवसभराचा स्वभाव यांचा मेळ बसलाच पाहिजे, असेही नाही. कचेरीत पन्नास माणसांना कामाला लावणारी व्यक्ती घरी सूत्रे सोपवून निश्चिंत होऊ शकते. चारचौघांत अबोल असणारा माणूस खासगीत पुढाकार घेऊ शकतो. हीच व्यक्ती पुढच्या महिन्यात उलट भूमिकेत रमू शकते. पुरुषाने नेहमी सूत्रे घ्यायची आणि बाईने नेहमी सोसायचे, ही चौकट समाजाने घातली आहे. भूमिका बदलणारी जोडपी ती चौकट बाजूला ठेवतात आणि त्यांच्या अवघडलेपणाचे एक मूळ तिथेही असते. सूत्रे सोपवायला आवडणाऱ्या पुरुषाला 'आपण पुरुषासारखे पुरुष नाही' अशी शंका छळते. सूत्रे घ्यायला आवडणाऱ्या बाईला 'आपण बिघडलेल्या आहोत' असे वाटत राहते.

नावे कुठून आली

रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञाचा 'सायकोपाथिया सेक्शुअॅलिस' हा ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. 'सॅडिझम' आणि 'मॅसोकिझम' हे शब्द वैद्यकात रूढ झाले ते त्याच्यामुळे. पहिला शब्द मार्की द साद या फ्रेंच लेखकाच्या नावावरून आला, दुसरा लेओपोल्ड फॉन झाकर-मासोख या ऑस्ट्रियन लेखकाच्या. झाकर-मासोख तेव्हा हयात होता, आणि त्याचे आडनाव एका विकृतीला देण्यात आले. क्राफ्ट-एबिंगसमोर आलेली प्रकरणे मुख्यतः दवाखान्यांतली आणि न्यायालयांतली होती. जे लोक सुखाने संसार करत होते, ते त्याच्याकडे कशाला जातील? त्यामुळे संमतीचा खेळ आणि निर्घृण गुन्हा ही दोन्ही एकाच खात्यात जमा झाली आणि तो गोंधळ शंभर वर्षांहून अधिक टिकला.

हॅवलॉक एलिस या इंग्रज डॉक्टरने १९०३ मध्ये आणि सिग्मंड फ्रॉइडने १९०५ मध्ये एक गोष्ट नोंदवली. या दोन ओढींमध्ये ठाम भिंत घालता येत नाही, त्या बरेचदा एकाच व्यक्तीत सापडतात. फ्रॉइडने त्याचा सार्वत्रिक नियमच करून टाकला. प्रत्यक्षात काही लोक आयुष्यभर एकाच भूमिकेत रमतात, काहींची आवड वयानुसार किंवा जोडीदारानुसार बदलते आणि काहींना दोन्ही सारखेच प्रिय असते.

आपल्याकडे हा विषय पश्चिमेतून आला, असा एक समज आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्राचे दुसरे अधिकरण बघितले, तर त्यात नखक्षत, दंतक्षत आणि प्रहार यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. 'पुरुषायित' या प्रकरणात स्त्री पुरुषाच्या अनुमतीने भूमिका उलटवते, असे वर्णन आहे. त्याच ग्रंथात धोक्याचा इशाराही आहे. प्रहारांमुळे मृत्यू आणि इजा झाल्याची उदाहरणे वात्स्यायन देतो. कुंतल देशच्या सातकर्णी सातवाहनाच्या हातून त्याची राणी मलयवती अशीच दगावली, हे त्यांपैकी एक. असले प्रहार त्याज्य आहेत, असे स्वतःचे मत तो देतो. आज ज्या अर्थाने आपण 'संमती' म्हणतो, ती कल्पना त्या ग्रंथात शोधू नये. पण आवड जुनी आहे आणि तिच्यातला धोकाही जुनाच आहे, एवढे त्यातून दिसते.

मराठीत या विषयांवर शास्त्रीय भाषेत बोलण्याचा पायंडा रघुनाथ धोंडो कर्वे यांनी पाडला. १९२७ मध्ये सुरू झालेले 'समाजस्वास्थ्य' त्यांनी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांतल्या एका खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. शरीराविषयी माहिती मागणारा वाचक विकृत ठरत नाही, ही भूमिका तेव्हा मांडावी लागली. आजही ती अधूनमधून मांडावी लागते.

आजार केव्हा म्हणायचे

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये 'डीएसएम-५' ही निदानपुस्तिका काढली. तिने वेगळी लैंगिक आवड आणि त्या आवडीमुळे होणारा विकार यांत फरक केला. त्या आवडीमुळे व्यक्तीला स्वतःला तीव्र त्रास होत असेल, तिचे जगणे विस्कळीत होत असेल, किंवा संमती नसलेल्या व्यक्तीवर ती लादली जात असेल, तरच विकार म्हणायचे.

जागतिक आरोग्य संघटनेने त्यापुढे पाऊल टाकले. तिच्या आजारांच्या जुन्या वर्गीकरणात 'सॅडोमॅसोकिझम' हे निदान होते. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या 'आयसीडी-११' या वर्गीकरणातून ते निदान काढून टाकण्यात आले. त्याऐवजी संमतीविना दुसऱ्याला यातना देण्याची तीव्र, टिकून राहणारी ओढ हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदवला आहे. म्हणजे निदानाची रेषा आता कृतीवरून किंवा भूमिकेवरून आखली जात नाही. ती संमतीवरून आखली जाते.

भारतातही याला कायद्याचा आधार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो, की मानसिक आजार ठरवताना जागतिक आरोग्य संघटनेच्या अद्ययावत वर्गीकरणासारखे मान्य निकष वापरावेत. एखादी व्यक्ती समाजातील नैतिक किंवा सांस्कृतिक चालीरीतींप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा 'ही सवय घालवा' म्हणून कुणी मुलाला किंवा सुनेला दवाखान्यात आणले, तर डॉक्टरांनी आधी विचारायचे ते हे, की त्रास नेमका कुणाला आहे?

अभ्यास काय सांगतात

ऑस्ट्रेलियात २००१-०२ मध्ये १९ हजारांहून अधिक लोकांच्या दूरध्वनीवर मुलाखती घेण्यात आल्या. लैंगिकदृष्ट्या सक्रिय असलेल्यांपैकी १.८ टक्के लोकांनी गेल्या वर्षभरात अशा खेळांत भाग घेतल्याचे सांगितले. पूर्वी लैंगिक जबरदस्ती सोसलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. 'लहानपणी काहीतरी वाईट घडले असणार' या सरसकट समजाला यातून आधार मिळत नाही. बेल्जियममध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एक हजारावर लोकांपैकी ४६.८ टक्के जणांनी अशा प्रकारची किमान एखादी गोष्ट आयुष्यात कधीतरी केली होती. स्वतःला या आवडीचे म्हणवणारे मात्र ७.६ टक्के होते. प्रश्न 'कधीतरी एकदा' असा विचारला, की आकडा मोठा येतो. 'गेल्या वर्षात' असा विचारला, की तो लहान होतो. दोन्ही बरोबर असू शकतात.

नेदरलँड्समध्ये २०१३ साली ही आवड असलेल्या ९०२ जणांची इतर ४३४ जणांशी तुलना झाली. पहिल्या गटात चिंताळूपणा कमी आणि समाधानाची भावना थोडी अधिक आढळली. पण हे लोक स्वतःहून प्रश्नावली भरायला पुढे आलेले होते आणि दुःखी माणूस अशी प्रश्नावली भरेलच असे नाही. म्हणून 'या आवडीमुळे मन निरोगी होते' असा अर्थ काढू नये. 'अशी आवड असूनही माणूस मनाने ठणठणीत असू शकतो' एवढाच निष्कर्ष पुरेसा आहे.

शरीरात काय घडते? सूत्रे सोपवणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात अशा वेळी ताणाचे संप्रेरक कॉर्टिसोल वाढते आणि त्याच वेळी शरीरात तयार होणारी एंडोकॅनाबिनॉइड ही सुखद, वेदना सुसह्य करणारी द्रव्येही वाढतात, असे छोट्या अभ्यासांत दिसले आहे. तिखट मिसळ खाताना डोळ्यांत पाणी येते, तरी चमचा खाली ठेववत नाही. दमवणारा गड चढल्यावर माथ्यावर हलके वाटते. आपण निवडलेला आणि आपल्याला थांबवता येणारा ताण मेंदू वेगळ्या खात्यात टाकतो. तोच ताण लादलेला असेल, तर सुख उरत नाही, फक्त भीती उरते.

दोन्ही बाजू माहीत असण्याचा सापळा

दोन्ही भूमिका केलेल्या व्यक्तीला समोरच्याची अवस्था अधिक कळते, हे अनेकदा खरे असते. हात बांधलेले असताना खांदा कधी दुखू लागतो, हे तिने अनुभवलेले असते. पण सापळाही इथेच आहे. 'मला एवढे सहन होते, म्हणजे तिलाही होईल,' असे गृहीत धरले जाते. वेदना सहन करण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते. एकाच माणसात ती झोप, थकवा, मासिक पाळी आणि मनःस्थितीनुसार बदलते. स्वतःचा अनुभव ही दुसऱ्याच्या शरीराची मोजपट्टी होऊ शकत नाही. विचारावेच लागते.

दुसरी अडचण हिशेबाची आहे. 'मागच्या वेळी मी तुझे ऐकले, आता तुझी पाळी' ही भाषा सुरू झाली, की संमतीची जागा उसनवारी घेते. भूमिका आलटून पालटून घेणे ही आवड असू शकते. ती परतफेड होऊ नये. जोडीदाराला एकच भूमिका आवडत असेल, तर दुसरी नाकारण्याचा त्याचा हक्क कायम राहतो.

तिसरी गोष्ट, भूमिकांची अदलाबदल आधी ठरवून करावी. सुरुवात एका भूमिकेने झाली आणि मध्येच जोडीदाराने न विचारता सूत्रे हिसकावली, तर गोंधळ आणि भीती निर्माण होते. 'आज कोण?' हा दोन शब्दांचा प्रश्न चहा पिताना, कपडे घातलेले असताना विचारलेला सर्वांत चांगला.

थांब म्हटल्यावर थांबणे

१९८० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या अशा आवडीच्या लोकांनी एक त्रिसूत्री रूढ केली: सुरक्षित, शुद्धीवर आणि संमतीने. तिच्यातला प्रत्येक शब्द वैद्यकीय दृष्टीनेही योग्य आहे.

संमती आधीच, स्पष्ट आणि प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी हवी. डोळ्यांवर पट्टी चालेल, याचा अर्थ फटके चालतील असा होत नाही. काय चालेल, काय मुळीच चालणार नाही आणि कशाविषयी शंका आहे, हे तिन्ही बोलून घ्यावे. संमती कोणत्याही क्षणी मागे घेता येते. खेळात 'नको' हा शब्द लटका असू शकतो, म्हणून थांबवण्यासाठी वेगळा शब्द ठरवतात. त्याला 'सेफ वर्ड' म्हणतात. अनेक जण वाहतुकीचे दिवे वापरतात: हिरवा म्हणजे चालू दे, पिवळा म्हणजे जरा हळू, लाल म्हणजे ताबडतोब थांब. बोलणे शक्य नसेल, तर मुठीत किल्ल्यांचा जुडगा धरायचा आणि तो खाली पडला, की सगळे थांबवायचे. हा शब्द सूत्रे हाती असलेल्यालाही वापरता येतो, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. त्यालाही दडपण येऊ शकते.

सगळे संपल्यावर एकमेकांची विचारपूस हवी. पाणी, पांघरूण, जवळ बसणे, दोन शब्द. दुसऱ्या दिवशी एकदम उदास वाटणे, रडू येणे, किंवा सूत्रे घेतलेल्याला 'आपण क्रूर आहोत का' अशी टोचणी लागणे, हे घडू शकते. ते बोलल्याने ओसरते. दारू किंवा नशेत दिलेली संमती धरू नये. नशेत वेदना कळत नाही आणि अंदाजही चुकतो.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार संमती म्हणजे त्या विशिष्ट कृतीसाठी स्त्रीने शब्दांतून वा खुणेतून दिलेला निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार. तिने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती सिद्ध होत नाही. १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती कायदा मानत नाही. पत्नी सज्ञान असेल, तर पतीला या कलमातून सूट आहे. मात्र पत्नीचा लैंगिक छळ हा २००५ च्या कायद्यानुसार कौटुंबिक हिंसाचारात मोडतो. मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता माहीत असलेल्या कृतीला संमतीच्या तरतुदीचे संरक्षण मिळत नाही, हे दोन्ही भूमिकांतल्या व्यक्तींनी लक्षात ठेवावे.

शरीराच्या मर्यादा

गळा दाबणे पूर्णपणे टाळावे. त्याची सुरक्षित पद्धत अस्तित्वात नाही. मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब आला, की काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि तेव्हा ठरवलेला शब्द उच्चारायला कुणी उरत नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून काही दिवसांनी पक्षाघात होऊ शकतो, बाहेर वळ दिसत नसला तरी. गळ्यावर दाब आल्यानंतर आवाज बसणे, गिळताना दुखणे, मान किंवा डोके दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके, तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही दिसले, तर तातडीने रुग्णालयात जावे आणि खरे कारण सांगावे.

बांधताना दोन बोटे आत जातील इतकी सैल जागा ठेवावी. मान आणि सांधे वगळावेत. टोके बोथट असलेली, बँडेज कापायची कात्री हाताशी असावी. बोटे थंड किंवा निळी पडली, बधिर झाली, की लगेच सोडावे. बांधलेल्या व्यक्तीला एक मिनिटही एकटे सोडू नये आणि हात मागे बांधून पालथे झोपवू नये, श्वास कोंडू शकतो. फटक्यांसाठी पाठीचा कणा, मूत्रपिंडाच्या दोन्ही बाजू, पोट, मान, चेहरा आणि सांधे वर्ज्य. गरोदरपणात हे सारे टाळलेले बरे.

मधुमेहामुळे हातापायांची संवेदना कमी झाली असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, हृदयविकार, दमा किंवा फिट्सचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे. त्वचा फाटून रक्त येईल असे काही करू नये. हिपॅटायटिस-बी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. रक्ताचा धोकादायक संपर्क झालाच, तर एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली.

छळ ओळखायचा कसा

काही पुरुष आणि काही स्त्रियाही या आवडीच्या नावाखाली निव्वळ दांडगाई करतात. 'आजकाल सगळेच करतात, तूच मागासलेली' असे म्हणून मन वळवले जाते. ठरलेला शब्द उच्चारल्यावरही थांबले जात नाही. नकार दिला, की अबोला, घरखर्चाचे पैसे बंद, किंवा फोटो पसरवण्याची धमकी येते. खेळ संपला तरी हुकूम संपत नाहीत. मैत्रिणींशी बोलणे, माहेरी जाणे, मोबाइल यांवर पहारा बसतो. यांतली एक गोष्ट जरी घडत असली, तरी त्याला आवड म्हणू नये.

स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा: मी आज 'नको' म्हटले, तर उद्याचा दिवस नेहमीसारखा उजाडेल का? उत्तर 'हो' असेल, तर संमतीला अर्थ आहे. उत्तर देताना पोटात गोळा येत असेल, तर मदत घ्यावी. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मनावर ताण असेल, तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीवर तातडीचे उपचार विनामूल्य करणे सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे.

आवड स्वतःलाच आवरेनाशी झाली, काम किंवा झोप बुडू लागली, प्रत्येक वेळी आधीपेक्षा अधिक इजा हवीशी वाटू लागली, किंवा जुन्या आघाताच्या आठवणी उसळू लागल्या, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची भेट घ्यावी. तिथे 'सवय मोडणे' हा उद्देश नसतो. त्रास कमी करणे हा असतो.

त्या मनगटाचे काय?

अंगठ्याच्या मागे संवेदना देणारी एक बारीक नस मनगटाजवळ कातडीच्या अगदी खालून जाते. घट्ट हातकडी घातलेल्या कैद्यांत ती दबल्याची नोंद वैद्यकात फार जुनी आहे. घट्ट घड्याळाने, दोरीनेही ती दबते. बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ती आपोआप पूर्ववत होते. मनगटच उचलता येत नसेल, तर मात्र दंडाजवळची मोठी नस दबलेली असू शकते आणि तपासण्या लवकर कराव्या लागतात. कारण खरे कळले, की डॉक्टरांना हे सगळे दोन मिनिटांत सांगता येते. 'बांगडी अडकली' एवढ्यावर विसंबले, तर अनावश्यक तपासण्या होतात आणि पुढच्या वेळी तीच चूक पुन्हा घडते.

बाईशी एकटीने बोलताना डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी विचारायला हव्यात. "थांबा म्हटल्यावर थांबतात ना?" आणि "घरी जायची भीती नाही ना वाटत?" पहिल्या प्रश्नाला ती चटकन मान हलवते. दुसऱ्यावर तिला किंचित हसू येते, "नाही हो, भीती त्यांनाच वाटतेय. तीन दिवस झोपले नाहीत." मग नवऱ्याला आत बोलावून दोघांना एकत्र समजावता येते: दोरी कुठे नको, कात्री कुठे हवी, बधिरपणा महिन्याभरात उतरला नाही तर पुन्हा कधी यायचे. दुसऱ्या एखाद्या बाईने त्या प्रश्नांवर दाराकडे चोरून बघितले असते आणि तिच्यासाठी पुढचा सगळा रस्ता वेगळा झाला असता. मनगटावरचा वळ दोघींचा सारखाच असतो. फरक कळतो तो दार लोटून, आवाज न चढवता विचारल्यावर.